‘खूप गोड होता’च्या पुढे काय लिहायचं?

प्रश्न : आमचा टिल्लू, राखाडी रंगाचा नर कॉकाटील (डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट), तीन आठवड्यांपूर्वी गेला. १३ वर्षं घरात होता. मी त्याच्या आठवणी लिहायला वही घेतली आणि ‘खूप गोड होता, खूप हुशार होता’ यापुढे हात चालेना. त्याची शिट्टी तर आत्ताच नीट आठवत नाही, म्हणून भीती वाटते. डब्यात त्याची गळलेली पिसं आहेत, फोनमध्ये चारेकशे व्हिडिओ आहेत, पिंजरा जसाच्या तसा उभा आहे. शेजारच्या पिंजऱ्यातली मादी सोनी दिवसभर हाका मारते. आठ वर्षांचा मुलगा विचारतो, ‘टिल्लू कधी येणार?’ घरचे म्हणतात, पक्षीच होता, दुसरा आणू. मला दुसरा नकोय, मला हा विसरायचा नाहीये. काय करू? – एक वाचक (पत्र संक्षिप्त केलं आहे)

उत्तर :

तुमचं पत्र आम्ही पुन्हा वाचलं. ‘गोड’ आणि ‘हुशार’ यांच्यापुढे हात चालत नाही असं तुम्ही म्हणता, पण त्याच पत्राच्या शेवटी ओझरतं लिहून गेलात की, बाबांनी चष्मा घातला असला तरच टिल्लू त्यांना चावायचा, चष्मा काढला की त्याच बोटावर येऊन बसायचा. तुमच्या वहीची पहिली ओळ ही आहे. ‘गोड’ कुठल्याही पक्ष्याला लागू पडतं. चष्म्याची गोष्ट फक्त टिल्लूची.

विशेषणांचा घोळ असा की ती ऐकायला भरलेली वाटतात आणि पाच वर्षांनी वाचली की त्यातून पक्षी उभाच राहत नाही. म्हणून वहीच्या पानावर मधोमध एक उभी रेघ ओढा. डावीकडे लिहा, कॉकाटील जातीचे सगळेच पक्षी काय करतात. उजवीकडे, टिल्लू त्यात वेगळं काय करायचा. स्वभाव या फरकात असतो.

उदाहरणं दिली तर हे सोपं जाईल. तुरा सरळ ताठ उभा म्हणजे दचकला आहे किंवा काहीतरी टिपतो आहे. अर्धवट मागे झुकलेला म्हणजे निवांत. डोक्याला घट्ट चिकटलेला आणि सोबत फुत्कार, म्हणजे जवळ येऊ नका. हे सगळ्या कॉकाटीलांचं, डाव्या रकान्यातलं. उजवीकडे तुम्हाला आठवायचं आहे ते हे : कुठल्या आवाजाला तुरा उभा राहायचा? दाराच्या घंटीला, मिक्सरला, की तुमच्या गाडीच्या आवाजाला, तुम्ही जिना चढायच्या आधीच? झोपण्यापूर्वी चोचीचे दोन भाग एकमेकांवर घासून करकर आवाज काढणं हे निवांत पक्ष्याचं लक्षण, सगळेच करतात. टिल्लू ते कोणाच्या खांद्यावर करायचा आणि कोणाच्या खांद्यावर कधीच नाही? नर पंख अंगापासून थोडे बाजूला धरून, पाठीमागून बदामासारखा आकार करून मिरवतो आणि चोचीने टकटक करतो. ते तो सोनीसमोर करायचा की आरशासमोर, की तुमच्या पायाच्या अंगठ्यासमोर? (अंगठ्यासमोर करणारे नर खूप असतात. असेल तर संकोच न करता लिहा.) डोकं खाली घालून मान पुढे करणं म्हणजे ‘खाजव’ हेही सगळ्यांचंच, कारण चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही. पण नेमकं कुठे खाजवलं की डोळे मिटायचा आणि कुठे बोट गेलं की गर्रकन मान वळवून चिमटा काढायचा, हे तुमच्या बोटाला अजून ठाऊक आहे. बोट हवेत फिरवून पाहा आणि लिहा.

आठवायला बसताना ‘त्याचा स्वभाव कसा होता’ हा प्रश्न स्वतःला विचारू नका, त्याने काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी दिवसाचं घड्याळ धरा. सकाळी पिंजऱ्यावरचं कापड काढल्यापासून सुरुवात करा. बहुतेक पक्षी आधी एक पाय आणि त्याच बाजूचा पंख मागे ताणतात, मग दुसरी बाजू, मग दोन्ही पंख खांद्यावर उचलतात. टिल्लू आधी कुठली बाजू ताणायचा? तो आळस संपेपर्यंत कोणाशी बोलायचा का? पाण्याची वाटी ठेवताना हातावर यायचा, की वाटीवर हल्ला? दुपारी कुठे बसायचा? संध्याकाळी दिवे लागले की आवाज वाढायचा की गप्प व्हायचा? रात्री एका पायावर उभा राहून मान पाठीच्या पिसांत खुपसायचा तेव्हा कुठल्या दांडीवर, कुठल्या कोपऱ्यात? असे एकेक तास पुढे सरकलात की आठवणी आपोआप ओळीने येतात.

घड्याळ झालं की घराचा नकाशा. कागदावर खोल्यांची कच्ची आकृती काढा आणि तो जिथे जिथे बसायचा तिथे खूण करा : पडद्याची दांडी, फ्रिजचा वरचा कोपरा, कोणाची तरी खुर्ची. जिथे कधीच जायचा नाही तिथेही खूण करा. उडून कोणत्या वाटेने जायचा तो मार्ग रेघेने दाखवा. आपण भावना शब्दांत शोधत राहतो आणि कित्येकदा त्या अशा रेघेतून हाती लागतात.

मग माणसं. घरातल्या प्रत्येकासाठी एक वेगळं पान. आणि इथे एक पथ्य नक्की पाळा : सगळ्यांनी आधी आपापलं स्वतंत्र लिहायचं, एकमेकांना दाखवायचं नाही. एकत्र बसून बोललं की ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण सगळ्यांची होते, आणि महिन्याभरात प्रत्येकाला तोच एक प्रसंग ‘स्वतः पाहिल्यासारखा’ आठवायला लागतो. स्वतंत्र लिहिलंत तर विसंगती निघतील. बाबा म्हणतील चावरा, मुलगा म्हणेल कधीच चावला नाही. त्या पुसू नका. दोघंही खरं सांगत आहेत. पक्षी माणूस पाहून वागतो.

वाईट सवयी गाळू नका. पहाटेचा कर्कश आरडाओरडा, फोनची वायर कुरतडणं, पुस्तकाच्या कडा करवतीसारख्या कातरणं, सोनीला राळ्याच्या कणसाजवळ फिरकू न देणं. फक्त चांगलं लिहिलं की थोड्याच काळात वहीतला पक्षी कोणा दुसऱ्याचाच वाटू लागतो.

शेवटचा दिवस मात्र वेगळ्या कागदावर लिहा. त्याच वहीत नको. तुमच्या पत्रात १३ वर्षांना चार ओळी होत्या आणि शेवटच्या रात्रीला दीड पान. हे सगळ्यांचंच होतं, कारण तो प्रसंग ताजा आणि तीव्र असतो, आणि तो बाकी सगळ्यावर बसतो. त्याला त्याचा कागद द्या, तारीख घाला, जे घडलं ते क्रमाने लिहा, पाकिटात घालून ठेवा. वही टिल्लूच्या जगण्याची राहू द्या.

‘आधी का नाही लक्षात आलं’ असं तुम्ही दोनदा लिहिलं आहे, त्याबद्दल खोटा दिलासा देत नाही. पक्षी आजार लपवतात. रानात दुबळा दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या डोळ्यात आधी भरतो, म्हणून अंगात त्राण आहे तोवर ते नेहमीसारखे वागतात. पिसं फुगवून दिवसभर बसणं, पिंजऱ्याच्या तळाशी उतरणं, श्वासागणिक शेपूट वरखाली होणं ही लक्षणं दिसतात तेव्हा बऱ्याचदा आजार पुढे गेलेला असतो. तुम्ही त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे नेलंत. कॉकाटील चांगली काळजी घेतली तर साधारण १५ ते २० वर्षं जगतो, म्हणजे टिल्लू कोवळा नव्हता, पण अगदी म्हाताराही नव्हता, आणि म्हणून ही टोचणी राहते हे समजतं. त्या टोचणीचा उपयोग सोनीसाठी करता येतो. तिच्याकडे पुढे येतो.

आता आवाज. याला सगळ्यात आधी हात घाला, वहीच्याही आधी, कारण फोन हरवतो, बिघडतो, बदलला जातो. तुमचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर कोणाकोणाला पाठवलेले असतील, पण तिथली प्रत दाबून लहान केलेली असते आणि बारीक, उंच आवाज त्यात आधी मरतात. मूळ फाइल फोनमध्येच असते. ती केबलने संगणकावर उतरवा. कोणाकडून मागवायची असेल तर व्हिडिओ म्हणून नको, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे ती जशीच्या तशी येते. तीन प्रती करा : एक संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक घराबाहेर, म्हणजे ऑनलाइन साठवणीत किंवा नातेवाइकांकडे.

चारशे व्हिडिओ एका बैठकीत पाहायचे नाहीत. रोज १५ ते २० मिनिटं, त्याहून जास्त नको, आणि झोपण्याआधी नको. पाहताना फाइलला नाव द्या, वर्ष आधी : ‘२०१९-०६-१४ आरशासमोर टकटक’. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने नाव दिलं की संगणक आपोआप कालक्रमाने लावतो. ‘टिल्लू गोड’ अशी नावं दिलेल्या ६० फाइल्समधून पुढे काहीच सापडत नाही.

शिट्टी वेगळी काढायची असेल तर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. व्हिडिओतून थेट आवाज उघडायला त्याला एफएफएमपेग नावाचा जोड बसवावा लागतो. तुकडा निवडा आणि ‘वेव्ह’ स्वरूपात जतन करा, एमपीथ्रीमध्ये नको, कारण एमपीथ्री पुन्हा दाबते. पंख्याची घरघर मागे असेल तर हाय-पास फिल्टर (ठरलेल्या उंचीखालचे जाड आवाज गाळणारी सोय) ५०० हर्ट्झवर लावून पाहा. शिट्टी त्याच्या बरीच वर असते, तिला धक्का लागत नाही. तरीही सूं सूं राहिली तर आवाज कमी करण्याची सोय वापरा, पण ६ ते ९ डेसिबलवर थांबा. जास्त घासलं की शिट्टी पत्र्यासारखी वाजते. हे सगळं प्रतीवर करायचं, मूळ फाइलवर कधीच नाही. आणि कृपा करून मागचे तुमचे आवाज कापू नका. ‘अरे टिल्ल्या, थांब की जरा’ असं तुम्ही म्हणता आणि तो मध्येच उत्तर देतो, तेच तर तुमच्या दोघांचं बोलणं होतं.

ऑडॅसिटीत आवाजाचा स्पेक्ट्रोग्राम दिसतो : आडवा अक्ष वेळेचा, उभा सुराच्या उंचीचा. उभ्या अक्षाची मर्यादा १०,००० हर्ट्झ ठेवा. टिल्लूची शिट्टी तिथे एका स्वच्छ वळणदार रेघेसारखी उमटेल. दोन सूर वर, मग खाली, आणि शेवटचा सूर तो अर्धवट सोडायचा असं तुम्ही लिहिलंत, ते रेघेच्या तुटलेल्या टोकात दिसेल. हे चित्र कागदावर छापता येतं. आमच्या मते फोटोच्या चौकटीपेक्षा हे भिंतीवर जास्त शोभतं. ती त्याची सही आहे.

पिसांबद्दल. डब्यात ठेवलेली पिसं तशीच राहिली तर एक दिवस डबा उघडल्यावर दांड्या आणि भुसा मिळेल. पीस केराटिनचं असतं, नखांसारखं, आणि लोकरीवर जगणाऱ्या कसरीच्या अळ्यांना ते आवडतं. म्हणून आधी पिसं धुवा. कोमट पाण्यात सौम्य भांडी-साबणाचा एक थेंब, पीस बुडवायचं आणि बोटांच्या चिमटीतून मुळाकडून टोकाकडे ओढायचं, उलट दिशेने कधीच नाही. स्वच्छ पाण्यातून दोनदा काढा. ओलं पीस केविलवाणं दिसतं, घाबरू नका. केस वाळवायच्या यंत्राच्या थंड वाऱ्याखाली धरलं की फुलतं. कुठे फट पडली असेल तर चिमटीतून हळूच टोकाकडे सरकवा. पिसाच्या तंतूंना सूक्ष्म आकडे असतात, ते एकमेकांत पुन्हा अडकतात आणि फट मिटते. टिल्लू चोचीने दिवसभर हेच तर करत असायचा.

पूर्ण वाळल्यावर हवाबंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांवर, दोन आठवडे ठेवा. किडे आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, ही चूक हमखास होते. थंड पिसावर हवेतलं दव बसतं आणि मग बुरशी येते. एक दिवस तशीच बंद ठेवा, मग उघडा. डांबराच्या गोळ्या मात्र अजिबात नकोत. त्यांची वाफ सोनीसाठी विषारी आहे.

चौकटीत लावायची असतील तर पीस काचेला टेकू देऊ नका, मध्ये निदान अर्धा सेंटिमीटर पोकळी हवी. आम्लविरहित कागदावर, दांडीवरून पातळ दोऱ्याचे दोन टाके. चिकटपट्टी आणि गोंद काही वर्षांत पिवळे पडतात आणि पिसासकट निघतात. थेट ऊन लागेल अशी भिंत टाळा. राखाडी रंग मेलॅनिन या रंगद्रव्याचा असतो, तो बराच टिकतो, पण तुऱ्यातला पिवळा आणि गालावरचा नारिंगी उजेडाने लवकर फिकटतो. गालावरची पिसं अगदी चिमुकली असतात, ती चौकटीत न लावता घडीच्या कागदात, अंधारात ठेवा.

पीस कुठलं आहे हे ओळखून खाली लिहिलंत तर चौकटीला अर्थ येतो. दांडीच्या एका बाजूला अरुंद आणि दुसऱ्या बाजूला रुंद पातं असेल तर ते उडण्याचं पीस. अरुंद बाजू उडताना पुढे असते, त्यावरून डावा पंख की उजवा हेही कळतं. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या आणि पीस लांबलचक असेल तर ते शेपटीच्या मधल्या जोडीतलं. कॉकाटीलच्या शेपटीत १२ पिसं असतात आणि मधली दोन सगळ्यात लांब. पिसांच्या पोटाकडच्या बाजूला पिवळट आडवे पट्टे दिसले तर बहुधा ते सोनीचं पीस टिल्लूच्या डब्यात आलं आहे. मोठ्या झालेल्या राखाडी नराची शेपूट खालून गडद, विनापट्ट्यांची असते. असं एखादं पीस निघालंच तर टाकू नका, दोघांची शेजारी शेजारी लावा.

वस्तूंमधली एक-दोनच निवडा, ज्यांवर त्याच्या चोचीची खूण आहे. कोपरा कुरतडलेली लाकडी दांडी, कडा कातरलेलं पुस्तक. न वापरलेला नवा झोका ठेवण्यात काही नाही, कुरतडलेल्या दांडीवर दात नसलेल्या त्या चाव्यांचे अर्धगोल दिसतात.

पिंजरा कधी हलवायचा, याला ठरलेली तारीख नाही, पण डॉक्टरांनी मृत्यूचं कारण सांगितलेलं नाही असं तुम्ही लिहिलंत, म्हणून तो न धुता सोनीशेजारी ठेवू नका. पोपटवर्गीय पक्ष्यांत क्लॅमिडिया सिटासी या जिवाणूचा संसर्ग असू शकतो, तो वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून दुसऱ्या पक्ष्याला आणि माणसालाही होतो. घरात कोणाला ताप, अंगदुखी, कोरडा खोकला असेल तर डॉक्टरांना घरात पक्षी आहे आणि एक नुकताच गेला आहे हे आवर्जून सांगा. त्या माहितीशिवाय ते त्या दिशेने पाहणार नाहीत. सोनीची तपासणीही याच कारणासाठी करून घ्या.

धुताना सोनी दुसऱ्या खोलीत. मास्क लावा. वाळलेली विष्ठा कोरडी खरवडायची नाही, आधी पाणी फवारून भिजवायची. मग साबणाने घासून स्वच्छ करायचं, कारण मळावर जंतुनाशक चालत नाही. त्यानंतर एक लिटर पाण्यात ३० मिली घरगुती ब्लीच घालून ते १० मिनिटं ओलं राहू द्यायचं, भरपूर पाण्याने धुवायचं आणि वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात ठेवायचं. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरं काही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. लाकडी दांड्या रंध्रांमुळे नीट निर्जंतुक होत नाहीत, म्हणून आठवण म्हणून ठेवायची दांडी काचेच्या बंद बरणीत ठेवा, सोनीला देऊ नका.

मुलाला ‘झोपला’ किंवा ‘उडून गेला’ असं सांगितलं असेल तर आजच दुरुस्त करा. ‘झोपला’ म्हटलं की काही मुलांना स्वतःच्या झोपेची भीती बसते, आणि ‘उडून गेला’ म्हटलं की ती खिडकीत वाट पाहतात. तो ‘कधी येणार’ विचारतो आहे, म्हणजे वाट पाहतोच आहे. सरळ सांगा : टिल्लू मेला, त्याचं शरीर चालायचं थांबलं, तो परत येणार नाही, आणि यात तुझी काही चूक नाही. शेवटचं वाक्य त्याने विचारलं नाही तरी बोला. मग त्याला वहीतलं एक काम द्या : तुऱ्याच्या तीन अवस्थांची चित्रं काढणं, आणि प्रत्येकीखाली ‘कधी’ ते लिहिणं. मुलं विशेषणांत फारशी अडकत नाहीत, त्यामुळे त्यांच्या नोंदी बऱ्याचदा नेमक्या असतात.

‘पक्षीच होता’ म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात शक्ती घालवू नका. १३ वर्षं रोज सकाळी जो जीव तुमची चाहूल ओळखून हाक मारत होता, त्याची हाक थांबली की घर रिकामं होतं. दुसरा आणायचा की नाही हे तुम्ही ठरवा, पण सोनीच्या सोबतीसाठी म्हणून घाईने नकोच. अनोळखी पक्षी लगेच जोडीदार होत नाही. आणि कधी आणलाच तर निदान ३० दिवस, जमल्यास ४५, वेगळ्या खोलीत ठेवावा लागेल. तो टिल्लूसारखा वागेल अशी अपेक्षा त्याच्यावर लादली जाणार असेल, तर त्याच्यावर अन्याय होईल.

आता सोनी. ती दिवसभर मारते ती संपर्काची हाक आहे. थवा नजरेआड झाला की ‘कुठे आहेस’ असं विचारणारी. काही दिवस ते काही आठवडे हे चालतं. तोवर तिचं वजन रोज घ्या : सकाळी, पहिली विष्ठा झाल्यावर आणि खाण्याआधी, एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या तराजूवर. पिसं फुगलेला पक्षी डोळ्यांना जाडच दिसतो, म्हणून नजरेवर विसंबू नका. नेहमीचं वजन ९० ग्रॅम असेल आणि ८१ वर आलं, म्हणजे दहावा हिस्सा घटला, तर त्याच दिवशी डॉक्टर. महिन्याभरात ती सावरली की रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनदा पुरे. टिल्लूच्या वेळी हे कोणी सांगितलं नाही याची हळहळ आहे ना, ती इथे कामी येऊ द्या.

आणखी एक, जे कोणाच्या लक्षात येत नाही. तिच्या डोक्याकडे जवळून पाहा. नवी पिसं फुटताना पांढऱ्या बारीक नळ्यांसारखे खुंट येतात. अंगावरचे ती स्वतः चोचीने साफ करते, डोक्यावरचे इतकी वर्षं टिल्लू करत होता. आता ते तसेच राहतील, पिनांसारखे उभे, आणि खाजतील. आंघोळीनंतर ओलसर असताना, खुंटाच्या टोकाकडचं पांढरं, कोरडं आवरण दोन बोटांत अलगद चोळा, ते भुकटी होऊन पडतं. मुळाशी गडद दिसणाऱ्या खुंटाला हात लावायचा नाही, त्यात रक्त असतं आणि दुखतं. सोनी आजवर हातावर आली नसेल तर घाई नको, आधी आठवडाभर राळ्याचं कणीस धरून नुसतं शेजारी बसा.

टिल्लूचं रेकॉर्डिंग तिला ऐकवू का, असं तुम्ही विचारलं आहे. ऐकवू नका. आवाज येतो आणि पक्षी दिसत नाही, मग ती त्या दिशेला शोधत राहू शकते, हाका वाढू शकतात. तुम्हीही हेडफोन लावूनच ऐका. पण ती शिट्टी तुम्ही स्वतः वाजवायला हरकत नाही. तुमचा आवाज तुमचाच आहे, तो तुमच्या येण्याशी ती जोडेल. रेकॉर्डिंगवरून मुलाला शिकवा, शेवटचा सूर टिल्लूसारखा अर्धा सोडून. सकाळी कापड काढायच्या आधी दाराशी उभं राहून एकदा वाजवा आणि थांबा. मादी बहुधा शिट्टी घालत नाही, ती तिच्या साध्या हाकेने उत्तर देईल. उत्तर आलं की कापड काढा.